धुराचा हिशेब

एखाद्या शहरातील वाहने दिवसभरात हवेत किती धूर सोडतात, हा प्रश्न ऐकावयास अगदी साधा आहे. त्याचे उत्तर मात्र प्रत्यक्ष मोजून कोणालाही देता येत नाही. दूध मापाने मोजता येते, धान्य काट्यावर तोलता येते. पण लाखो मोटारी, मालट्रक, बसगाड्या आणि दुचाक्या यांच्या सायलेन्सरमधून बाहेर पडून वाऱ्यावर विरून जाणारा वायू कोणत्या मापात धरावयाचा? प्रत्येक गाडीला पिशवी बांधून तिच्यामागे एक कारकून धावता ठेवणे शक्य नाही. म्हणून जे मोजता येत नाही त्याचा अंदाज करावा लागतो, आणि असा अंदाज करण्याचे साधन म्हणजे संगणकावर मांडलेले एक विस्तृत गणित. शास्त्रज्ञ त्यास प्रतिमान म्हणतात. पेढीवरच्या भाषेत बोलावयाचे, तर ती धुराची कीर्द-खतावणी होय.

व्यापाऱ्याची खतावणी चुकली तर त्याचे दिवाळे निघते. धुराची खतावणी चुकली तर नुकसान ज्यांचे होते, त्यांना ते कळतही नाही. रस्ता कोठून न्यावा, शाळा कोठे असावी, कोणत्या गाड्यांवर निर्बंध घालावेत, हे निर्णय त्या खतावणीतील आकड्यांवर होतात आणि त्यांचे फळ सामान्य माणसाच्या फुप्फुसात जमा होते. अमेरिकेत अशी एक खतावणी अनेक वर्षे विश्वासाने वापरली गेली, एका बोगद्याने तिच्यातील चूक उघड केली, आणि अखेर ती मुळापासून नव्याने मांडावी लागली. त्या नव्या मांडणीची हकीकत दूरदेशीची असली, तरी तिचा धागा पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो.

1943 सालच्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी डोळे चुरचुरविणारे दाट धुके उतरले. दिवस महायुद्धाचे होते. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही काहींना आली. पुढे दशकभराने आरी यान हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने या धुक्याचे मूळ दाखवून दिले. अननसाच्या स्वादाचे रासायनिक घटक शोधण्यात गुंतलेल्या या संशोधकाने सिद्ध केले, की मोटारींतून व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे दाहक धुके तयार होते. दोषी शत्रूचे विमान नव्हते; घरोघरी दारात उभी असलेली मोटार होती.

दोषी सापडला, तरी शिक्षा किती द्यावयाची हे ठरविण्यास दोषाचे मोजमाप हवे. त्यासाठी प्रयोगशाळेत एक युक्ती योजण्यात आली. मोटारीची चाके मोठ्या रोलरवर ठेवावयाची, गाडी जागच्या जागी चालवावयाची आणि सायलेन्सरमधून येणारा वायू पिशवीत गोळा करावयाचा. गाडी कशी चालवावी, याचेही वेळापत्रक होते. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरील रहदारी पाहून ते आखलेले होते. त्यातील मुख्य भाग 1,372 सेकंदांचा, अंतर सुमारे 12 किलोमीटर, सरासरी वेग ताशी साडेएकतीस किलोमीटर. प्रत्येक नमुन्याची गाडी हाच पाठ म्हणून दाखवी, आणि तिच्या वाट्याला मैलामागे अमुक इतके ग्रॅम, असा आकडा येई.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या आकड्यांवर 1978 साली आपले पहिले प्रतिमान उभे केले. त्याचे नाव ‘मोबाइल’. त्याची रीत सुटसुटीत होती. रोलरवर मिळालेला दर घ्यावयाचा. गाडीचे वय, हवेचे तापमान व इंधनाचा प्रकार पाहून त्यात वाढ-घट करावयाची. रस्त्यावरील सरासरी वेग पाहून आणखी एक दुरुस्ती करावयाची. आणि एकूण धावेने त्यास गुणावयाचे. वाणी जसा शेराचा भाव ठरवून गिऱ्हाइकाची एकूण रक्कम काढतो, तसाच हा व्यवहार. त्या काळच्या गणकयंत्रांची शक्ती पाहता याहून अधिक काही मागणे गैरच ठरले असते.

मग 1987 साल उजाडले. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज भागात विमानतळाच्या धावपट्टीखालून जाणारा एक रस्ता आहे. तेथे दोन-सव्वादोनशे मीटर लांबीचा बोगदा आहे. संशोधकांच्या ध्यानात आले, की उघड्यावर जो धूर हाती लागत नाही, तो बोगद्यात कोंडलेला सापडतो. बोगद्यात शिरणारी हवा तपासावी, बाहेर पडणारी हवा तपासावी, मधून किती गाड्या गेल्या ते मोजावे. फरक तेवढा गाड्यांचा. हिशेब इतका सरळ, की त्यात गणिती चलाखीस वावच नव्हता. निकाल हाती आला तेव्हा नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा आकडा त्या वेळच्या प्रतिमानाशी बराचसा जुळला. परंतु कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रत्यक्ष प्रमाण गणिताच्या दुपटी-तिपटीच्या घरात, आणि काही वेळा त्याहूनही पुढे गेलेले दिसले. खतावणीत दाखविलेल्या रकमेपेक्षा प्रत्यक्ष देणे कितीतरी अधिक होते.

प्रथम संशय गाड्यांवर गेला, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. डेन्व्हर विद्यापीठातील डोनाल्ड स्टेडमन यांनी त्याच सुमारास एक उपकरण तयार केले. रस्त्याच्या एका कडेने अदृश्य किरण सोडावयाचा, दुसऱ्या कडेने तो पकडावयाचा, आणि मधून जाणाऱ्या गाडीच्या धुराने त्यातील किती भाग शोषला, ते पाहावयाचे. क्षणभरात गाडीची परीक्षा होई आणि चालकास पत्ताही लागत नसे. हजारो गाड्या अशा तपासल्यावर दिसून आले, की कार्बन मोनॉक्साइडचा जवळजवळ निम्मा वाटा अवघ्या दहा टक्के गाड्यांचा आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण सारी शिते एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेली असतात. गाड्यांचे तसे नाही. प्रयोगशाळेत स्वखुशीने आणून दिलेली गाडी बहुधा निगा राखलेली असते. सर्वांत वाईट गाडीचा मालक तपासणीच्या वाटेस सहसा जात नाही.

परंतु दुसरे कारण अधिक खोल होते, आणि ते गाडीत नसून खुद्द परीक्षेतच होते. जुन्या रोलरवर गाडी फार झपाट्याने पळविली, तर चाक घसरण्याचा धोका असे. म्हणून वेळापत्रक आखताना वेगवाढीवर मर्यादा घातली गेली: सेकंदाला ताशी सुमारे सव्वापाच किलोमीटर, त्यापुढे नाही. रस्त्यावरचा चालक असली मर्यादा जाणत नाही. दिवा हिरवा होताच तो एक्सलरेटर दाबतो. हमरस्त्यावर शिरताना, ट्रक ओलांडताना तो आणखी जोराने दाबतो. अशा वेळी यंत्र तापू नये म्हणून कित्येक गाड्यांत जादा पेट्रोल आत सोडण्याची योजना असे. ते जाळण्यास पुरेसा प्राणवायू नसतो, उत्प्रेरक डबीचाही उपाय चालत नाही, आणि काही सेकंदांत विषारी वायूचा लोट बाहेर पडतो. हे सेकंद परीक्षेच्या वेळापत्रकात नव्हते, म्हणून ते खतावणीतही नव्हते. विद्यार्थ्यास जे प्रश्न कधी विचारलेच नाहीत, त्यांत तो नापास कसा होणार?

सरासरी वेगाचा दोषही येथेच लपलेला होता. एक गाडी मोकळ्या रस्त्याने ताशी चाळीसच्या संथ गतीने जाते. दुसरी चौकाचौकांत थांबत, मधल्या अंतरात भरधाव धावत तेवढ्याच वेळात तेथेच पोहोचते. दोघींची सरासरी एकच, म्हणून जुन्या प्रतिमानाच्या लेखी दोघी जवळपास सारख्याच. यंत्राला मात्र त्या दोन प्रवासांत जमीन-अस्मानाचे अंतर जाणवलेले असते.

ही केवळ पंडितांची चर्चा राहिली नाही. 1990 साली अमेरिकेच्या हवा-शुद्धतेच्या कायद्यात कडक दुरुस्त्या झाल्या. ज्या शहराची हवा ठरावीक मर्यादेपेक्षा दूषित, त्याने आपल्या रस्त्यांच्या योजना धुराच्या अंदाजपत्रकात बसवून दाखविल्या पाहिजेत. न दाखविल्यास केंद्राचा पैसा थांबेल. 1998 साली अ‍ॅटलांटा शहरावर ही वेळ खरोखरच आली आणि तेथील अनेक रस्त्यांच्या कामांना मिळणारे अनुदान अडले. आकडा आता न्यायाधीशाच्या आसनावर बसला होता. म्हणून न्यायाधीश किती विश्वासार्ह, हे विचारणे प्राप्त झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या साऱ्या प्रश्नाचा विचार करून 2000 साली अहवाल दिला. जुन्या घरास ठिगळे लावीत बसण्याऐवजी, एका चौकापासून संपूर्ण देशापर्यंत निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी साधने असावीत, आणि प्रत्येक आकडा प्रत्यक्ष निरीक्षणाशी ताडून पाहावा, असा तिच्या सल्ल्याचा आशय होता.

नव्या प्रतिमानाची रचना येथून सुरू झाली. रचनाकारांनी पहिली गोष्ट केली ती ही, की प्रश्नच बदलला. गाडी सरासरी किती वेगाने गेली, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले: या क्षणी यंत्राला किती श्रम पडत आहेत? हमालाच्या दमण्याचा अंदाज त्याच्या चालीवरून होत नाही. पाठीवर ओझे किती, रस्ता चढाचा की उताराचा, यावरून होतो. गाडीचेही तसेच आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत 1999 साली सादर झालेल्या आपल्या प्रबंधात होसे लुइस हिमेनेझ यांनी हे श्रम मोजण्याची सोयीची रीत मांडली होती. गाडीचा वेग, वेगातील वाढ, रस्त्याचा चढ, चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध या पाचही गोष्टी एकत्र करून दर टन वजनामागे किती किलोवॅट शक्ती लागते, हे एका सूत्राने काढता येते.

त्या सूत्राने एक उदाहरण करून पाहण्याजोगे आहे. एक साधी मोटार सपाट रस्त्यावर ताशी 50 किलोमीटर या स्थिर वेगाने जात असेल, तर टनामागे सुमारे पावणेतीन किलोवॅट शक्ती पुरते. त्याच वेगाने ती शंभर मीटरला पाच मीटर असा चढ चढू लागली, की हा आकडा साडेनऊच्या आसपास जातो. आणि सपाट रस्त्यावरच त्या वेगाला असताना चालकाने एक्सलरेटर दाबून सेकंदाला ताशी साडेतीन किलोमीटरच्या दराने वेग वाढविला, तर आकडा अठराच्या घरात पोहोचतो. वेगाचा काटा तिन्ही वेळा पन्नासवरच आहे. यंत्राचे श्रम मात्र साडेसहा पटींनी वाढले. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात ये-जा करणाऱ्या चालकास हे सूत्र ठाऊक नसेल, पण त्यातील सत्य तो गिअर बदलताना रोज अनुभवतो.

आता पुढची पायरी. गाडीच्या प्रवासाचा प्रत्येक सेकंद घ्यावा आणि तो योग्य कप्प्यात टाकावा. नव्या प्रतिमानात चालत्या गाडीसाठी असे 23 कप्पे ठेवण्यात आले. एक ब्रेक दाबल्याच्या क्षणांचा, एक इंजिन सुरू ठेवून उभे राहिल्याचा, आणि उरलेले एकवीस वेग व शक्ती यांच्या निरनिराळ्या जोड्यांचे. प्रत्येक कप्प्याचा धुराचा दर निराळा. मग कोणत्याही रस्त्यावरील कोणतीही चाल असो, तिचे किती सेकंद कोणत्या कप्प्यात पडले हे कळले, की हिशेब पुरा होतो. 2002 साली नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी ही पद्धत तपासून तिच्या दरांची पूर्वतयारी करून दिली. गाडीतच बसवून नेता येतील अशी मोजमापाची यंत्रे आता उपलब्ध झाली होती. प्रयोगशाळा रस्त्यावर आली होती.

परंतु गाडीचा धूर केवळ चालतानाच सुटतो असे नाही. रात्रभर थंडीत उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होते, तेव्हा तिची उत्प्रेरक डबी थंड असते आणि पहिली काही मिनिटे ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. म्हणून गाडी किती वेळ उभी होती, त्यावरून सुरुवातीच्या धुराचे आणखी आठ कप्पे करण्यात आले. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतून पेट्रोलची वाफ उडते, तिचे खाते वेगळे. ब्रेक आणि टायर झिजून उडणाऱ्या धुळीचे खाते वेगळे. विजेवर चालणाऱ्या गाडीला सायलेन्सर नसतो. पण ही शेवटची खाती तिच्याही नावावर राहतात.

खाती उघडणे सोपे. त्यांत खरे आकडे भरणे कठीण. त्यासाठी फिनिक्स शहरातील सक्तीच्या वाहन-तपासणीतून मिळालेली माहिती उपयोगी पडली, कारण तेथे चांगल्या-वाईट सर्वच गाड्यांना हजर व्हावे लागे. सूक्ष्म कणांच्या मोजणीसाठी 2004 आणि 2005 मध्ये कॅन्सस सिटी येथे जवळजवळ पाचशे पेट्रोल गाड्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तपासल्या गेल्या. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट बाहेर आली: तापमान अकरा अंश सेल्सियसने उतरले, की सूक्ष्म कणांचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. जुन्या प्रतिमानाला थंडीचा हा परिणाम माहीतच नव्हता.

रचनाकारांनी आणखी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. हिशेबाची रीत एका वहीत आणि दर दुसऱ्या वहीत, अशी त्यांनी विभागणी केली. आज्ञावली एकीकडे, आकड्यांचे तक्ते दुसरीकडे. उद्या नव्या गाड्या आल्या, नवे इंधन आले, अधिक चांगली मोजणी झाली, तर यंत्रणा न मोडता केवळ तक्ता बदलावा. आपल्याला आज जे ठाऊक आहे ते उद्या चुकीचे ठरू शकते, ही जाणीव येथे रचनेतच गुंफलेली आहे.

‘मूव्ह्ज’ या नावाचे हे प्रतिमान 2010 च्या आवृत्तीने अधिकृत वापरात आले. त्याने पहिल्याच हिशेबात अनेकांची झोप उडविली. हायड्रोकार्बनचे आकडे सर्वसाधारणपणे कमी निघाले; परंतु नायट्रोजनची ऑक्साइडे वाढली, आणि सूक्ष्म कण तर लक्षणीय वाढले. रस्त्यावरची एकही गाडी बदलली नव्हती, हवेत एका कणाचीही भर पडली नव्हती. केवळ वही बदलली होती. कित्येक शहरांच्या योजना या नव्या आकड्यांत बसेनात, म्हणून जुन्यातून नव्यात येण्यास मुदत द्यावी लागली. जुनाच आकडा सोयीचा होता, असे म्हणणारे तेव्हाही असणारच. पण सोयीच्या आकड्याने श्वास सुधारत नाही. पुढे 2014, 2020, 2023 आणि 2024 साली त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक वेळी नव्या मोजणीने जुने दर दुरुस्त केले.

रस्त्यावरील मोजणीची आवश्यकता किती, हे 2015 साली साऱ्या जगास कळले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी काही डिझेल गाड्या मोजणीची यंत्रे बसवून रस्त्यावर चालविल्या, तेव्हा प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेल्या गाड्या बाहेर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडताना सापडल्या. अखेर फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने मान्य केले, की जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत, परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारी योजना होती. पूर्वी परीक्षेने प्रश्नच विचारले नव्हते. येथे विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिका आधीच पाहून ठेवली होती.

भारताचा या हकीकतीशी संबंध 2003 साली आला. विकसनशील देशांतील शहरांसाठी शक्तीच्याच तत्त्वावर रचलेले एक आंतरराष्ट्रीय प्रतिमान कॅलिफोर्नियात तयार होत होते. त्यासाठी जी शहरे अभ्यासली गेली, त्यांत सँटियागो व नैरोबी यांच्याबरोबर पुणेही होते. अमेरिकेतील गाड्यांचे दर पुण्यास लावले असते तर ते शहाण्याने दुसऱ्याच्या चष्म्याने वाचण्यासारखे झाले असते. पुणे हे दुचाक्यांचे शहर, रिक्षा, पी.एम.टी.च्या बसगाड्या आणि स्कूटर एकाच चौकात दाटीने उभ्या. म्हणून तेथील रस्त्यांवर कोणती वाहने किती, ती कशी धावतात, दिवसातून किती वेळा सुरू होतात, याची पाहणी करण्यात आली. पुढे 2007 साली पुण्याच्याच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने भारतीय वाहनांचे धुराचे दर प्रयोगशाळेत मोजून प्रसिद्ध केले. दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर आणि कानपूर या सहा शहरांच्या हवेचा जो मोठा अभ्यास झाला, त्यास या दरांचा आधार होता.

तरीही भारतीय परीक्षेचे जुने वेळापत्रक पाहिले, म्हणजे लॉस एंजेलिसच्या रोलरची आठवण होते. त्याचे एक आवर्तन 108 सेकंदांचे, आणि कमाल वेग ताशी 42 किलोमीटर. 2020 च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे कडक नियम देशभर लागू झाले, आणि 2023 पासून मोटारींना रस्त्यावरील परीक्षाही द्यावी लागते. ही प्रगती मोठी आहे. मात्र पेट्रोल पंपाशेजारी मिळणारे पी.यू.सी.चे प्रमाणपत्र आजही उभ्या गाडीचा धूर पाहून दिले जाते. ओझे पाठीवर नसताना हमाल दमला आहे काय, असे विचारण्यासारखेच ते आहे.

इंदूरच्या चौकातील सिग्नल, ग्वाल्हेरच्या किल्ल्याभोवतीचा चढ, हैदराबादच्या उड्डाणपुलावरील गर्दी, पणजीजवळच्या महामार्गावरील अवजड ट्रक यांचे सेकंद निरनिराळ्या कप्प्यांत पडतात. एका शहराची वही दुसऱ्यास चालत नाही. प्रत्येक शहराने आपली वाहने मोजावीत, त्यांची चाल टिपावी, थंडीत व उन्हात त्यांचा धूर तपासावा, आणि मगच संगणकास उत्तर विचारावे. संगणक अचूक बेरीज करतो, पण त्याला दिलेली रक्कम खरी की खोटी, हे तो सांगू शकत नाही. ते सांगण्याचे काम व्हॅन नाइजच्या त्या लहानशा बोगद्याने केले होते. ज्या शहरास धुराचा हिशेब मांडावयाचा असेल, त्याने संगणकाबरोबर असा एखादा बोगदाही शोधून ठेवावा.